ठरलेल्या शब्दांची प्रार्थना

साहित्याच्या वर्गात ‘प्रार्थना’ हा शब्द निघाला की त्याच्यामागोमाग एक गृहीतक न बोलावता येऊन बसते. प्रार्थना म्हणजे अंतःकरणाचा उत्स्फूर्त उद्गार. ती जितकी स्वतःच्या शब्दांत, तितकी खरी. आणि ती जितकी पाठ केलेली, तितकी पोकळ. हे गृहीतक धर्मातून आले की रोमँटिक काव्यविचारातून, याचा विचार आपण क्वचितच करतो. ‘पोपटपंची’ हा शब्द मात्र आपल्या जिभेवर तयार असतो. यहुदी परंपरेतील प्रार्थनेकडे पाहिले असता या गृहीतकाला मुळापासून हादरा बसतो, असे आमचे मत आहे. तो हादरा साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम घ्यावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आरंभ शब्दापासूनच करू. हिब्रू भाषेत प्रार्थनेला ‘तेफिल्ला’ म्हणतात. प्रार्थना करणे या अर्थाचे क्रियापद ‘हितपल्लेल’ असे असून त्याचे रूप आत्मवाचक आहे, म्हणजे क्रिया कर्त्याकडेच वळणारी आहे. त्यातील धातूचा संबंध न्याय करणे, निवाडा करणे या अर्थाशी जोडला जातो. म्हणून प्रार्थना करणे म्हणजे स्वतःचा निवाडा करणे, असे विवरण यहुदी भाष्यकार आवडीने करतात. व्युत्पत्तिशास्त्र या विवरणाला कितपत दुजोरा देईल हा प्रश्न वेगळा. परंतु एखादी परंपरा आपल्या शब्दाचा कोणता अर्थ जपते, यावरून तिचे मन कळते. आपल्या ‘प्रार्थना’ या शब्दात ‘अर्थ’ म्हणजे मागणे आहे. तेफिल्लेच्या या विवरणात मागणाऱ्याकडेच पाहिले जाते.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. तोवर यहुदी उपासनेचा केंद्रबिंदू त्या मंदिरातील होमबली हा होता. सकाळी एक आणि दुपारनंतर एक असे नित्य बली तेथे अर्पण होत. मंदिर गेले, वेदी गेली, याजकांचे काम संपले. अशा वेळी एखादा धर्म संपूनही जाऊ शकतो. यहुदी आचार्यांनी मात्र वेदीच्या जागी वाणी बसवली. सकाळची ‘शाहरित’ आणि दुपारनंतरची ‘मिन्हा’ या प्रार्थना त्या दोन नित्य बलींच्या वेळांना जोडल्या गेल्या; त्यांना रात्रीच्या ‘आर्वित’ची जोड मिळाली. तालमुदात याविषयी दुसरेही मत नोंदवलेले आहे. त्यानुसार या तीन प्रार्थना अब्राहाम, इसहाक आणि याकोब या तीन पूर्वजांनी घालून दिल्या. दोन्ही मते शेजारी शेजारी ठेवलेली आहेत, आणि हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. एका मताप्रमाणे प्रार्थना हे कर्तव्य आहे, वेळेवर पोचवायची सेवा आहे. दुसऱ्याप्रमाणे ती कुणा एका माणसाच्या एकट्या हाकेतून जन्मली आहे. मंदिरातल्या सेवेला ‘अवोदा’ हा शब्द होता. त्याचा साधा अर्थ काम, चाकरी. प्रार्थनेला तालमूद हृदयाने करायची अवोदा म्हणतो. म्हणजे हृदय आले, पण चाकरी सुटली नाही.

या चाकरीचा ग्रंथ म्हणजे ‘सिद्दूर’. सिद्दूर याचा अर्थच ‘क्रम’. नवव्या शतकात बाबिलोनमधील आचार्य रव अम्राम यांनी आणि दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी असे क्रम लिहून काढले. त्यापूर्वीच्या आचार्यांमध्ये प्रार्थना लिहून ठेवण्याविषयी नाखुशी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या लेखनाचे महत्त्व कळते.

सिद्दूरच्या गाभ्यात दोन गोष्टी आहेत. पहिली ‘शेमा’. काटेकोरपणे पाहता ही प्रार्थनाच नव्हे, कारण हिच्यात देवाला काही सांगितलेले नाही. इस्राएलाला ‘ऐक’ असे सांगितले आहे. ‘अनुवाद’ आणि ‘गणना’ या पुस्तकांतील तीन उतारे मिळून ती सिद्ध होते, आणि सकाळ-संध्याकाळ म्हटली जाते. बोलण्याआधी ऐकण्याची आज्ञा, आणि तीही स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या कानांना दिलेली. मिश्ना हा यहुदी विधिग्रंथ सुरू होतो तो देव म्हणजे काय या प्रश्नाने नव्हे, तर संध्याकाळी शेमा कोणत्या वेळेपासून म्हणावा या प्रश्नाने. हा आरंभ आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. तत्त्वज्ञानाचा ग्रंथ व्याख्येने सुरू झाला असता. हा घड्याळाच्या प्रश्नाने सुरू होतो.

दुसरी ‘अमिदा’, म्हणजे उभ्याने म्हणावयाची प्रार्थना. हिला ‘अठरा’ असेही नाव आहे, यद्यपि तिच्यात पुढे आणखी एकाची भर पडून आशीर्वचने एकोणीस झाली. नाव मात्र अठराच राहिले. आरंभीची तीन स्तुतीची, शेवटची तीन मुख्यतः आभाराची, आणि मधली तेरा मागण्याची: बुद्धी, पश्चात्ताप, क्षमा, आरोग्य, पीकपाणी, न्याय. तीन पावले पुढे येऊन, पाय जुळवून, जेरुसलेमच्या दिशेने तोंड करून ती पुटपुटली जाते. शब्द ओठांवर उमटले पाहिजेत, परंतु शेजाऱ्याला ऐकू जाता कामा नयेत.

या पुटपुटण्याचे मूळ एका स्त्रीच्या गोष्टीत आहे. ‘शमुवेल’च्या पहिल्या पुस्तकात हन्ना नावाची निपुत्रिक स्त्री शिलो येथील मंदिरात येते. तिचे ओठ हलतात, आवाज निघत नाही. एली याजकाला वाटते, ही मद्य पिऊन आली आहे, आणि तो तिला झापतो. ती शांतपणे सांगते की मी प्यायलेली नाही. मी माझे मन ओतते आहे. पुढे तालमुदाच्या आचार्यांनी प्रार्थनेचे नियम काढले ते या प्रसंगातून. मन लावून प्रार्थना करावी, ओठांनी शब्द उच्चारावेत, आवाज चढवू नये, नशेत प्रार्थना करू नये. अधिकृत याजकाला जी प्रार्थना ओळखताच आली नाही, तीच प्रार्थनेचा आदर्श ठरली. एखाद्या परंपरेने आपल्याच पुरोहिताची चूक इतक्या स्वच्छपणे जपून ठेवावी, याचे आम्हांस कौतुक वाटते.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. अत्यंत व्यक्तिगत, शब्दही बाहेर न फुटलेली हन्नेची आर्त हाक घ्यावी, आणि तिचे रूपांतर एकोणीस ठरलेल्या परिच्छेदांत करावे, हा त्या हाकेचा पराभव नव्हे काय? विशेष म्हणजे हा आक्षेप बाहेरून आलेला नाही. मिश्नेतच रब्बी एलिएझेर यांचे मत आहे की जो आपल्या प्रार्थनेला ठरीव करतो, त्याची प्रार्थना ही याचना राहत नाही. बाराव्या शतकातील मायमोनिदीस तर म्हणतात की ज्या प्रार्थनेत मन नाही, ती प्रार्थनाच नाही. मनाच्या या रोखाला ‘कव्वाना’ म्हणतात. नेम धरण्याचा अर्थ त्या शब्दात आहे. ठरलेपणाला म्हणतात ‘केव्हा’. केव्हा आणि कव्वाना यांच्यातील ताण हा यहुदी प्रार्थनेचा इतिहासच आहे, आणि तो आजवर कोणीही मिटवलेला नाही.

मिटवू नये, असेच आमचे म्हणणे आहे. कारण अमिदेची रचना जवळून वाचली तर दिसते की ठरलेले शब्द स्वतःच आपल्या अपुरेपणाची कबुली देतात. अमिदा सुरू होण्यापूर्वी एका स्तोत्रातील ओळ म्हटली जाते, आणि तिच्यात मागणे असते ते ओठ उघडले जावेत याचे. म्हणजे प्रार्थना करता यावी यासाठीही आधी प्रार्थना! पुढच्या सर्व मागण्या बहुवचनात आहेत. एकट्याने घरी म्हटली तरी मागायचे ते ‘आम्हां’साठी. स्वतःचा ताप, स्वतःची अडचण घेऊन उभा राहिलेला माणूस व्याकरणाच्या जोरावर शेजाऱ्याच्या तापाचीही नोंद घेतो. मात्र मधल्या मागण्यांच्या अखेरच्या आशीर्वचनात स्वतःच्या शब्दांतले स्वतःचे मागणे घालण्याची मुभा आहे. आणि सर्व झाल्यावर जे समारोपाचे चिंतन येते, ते एकवचनात येते. त्यात काय मागायचे? तर माझी जीभ वाईट बोलण्यापासून आवरली जावी. ओठ उघडण्यापासून जीभ आवरण्यापर्यंत, आणि मधे ‘आम्ही’. या रचनेला पोपटपंची म्हणणाऱ्याने ती वाचलेली नाही, एवढेच आम्ही म्हणू.

व्याकरणाची आणखी एक गंमत आहे. यहुदी आशीर्वचन, ‘ब्राखा’, देवाला थेट ‘तू’ म्हणून सुरू होते, आणि अनेक ठिकाणी त्याच वाक्यात पुढे ‘तो’ येतो. समोर उभा असलेला वाक्य संपेपर्यंत दूर जातो. शाळेतल्या व्याकरणात ही चूक ठरेल; येथे तोच अनुभव आहे. अशी शंभर आशीर्वचने रोज म्हणावीत, असा तालमूदकालीन दंडक आहे. भाकरीसाठी आहे, फळासाठी आहे, इंद्रधनुष्यासाठी आहे. शौचाहून आल्यावर, शरीरातील द्वारे उघडतात आणि मिटतात याबद्दलही एक आहे. आजारी माणसाची सेवा ज्याने केली असेल, त्याला या शेवटच्या आशीर्वचनाचे हसू येणार नाही.

या परंपरेतील सर्वांत कठोर, आणि आमच्या मते सर्वांत सुंदर, विचार ‘व्यर्थ प्रार्थने’चा आहे. मिश्नेतील उदाहरण असे: एखादा माणूस वाटेने गावाकडे येतो आहे आणि त्याच्या कानी गावातून आक्रोश येतो. त्या वेळी ‘हा आक्रोश माझ्या घरातला नसो’ अशी प्रार्थना त्याने केली, तर ती व्यर्थ होय. कारण जे व्हायचे ते होऊन गेले आहे. घडलेले उलटवण्यासाठी प्रार्थना नसते. आम्ही यात आणखी एक पदर वाचतो. माझे घर नसो, याचा अर्थ दुसऱ्या कुणाचे तरी असो, असाच होतो. इतके स्वाभाविक, इतके उत्स्फूर्त, कोणाच्याही तोंडून आपसूक निघेल असे हे वाक्य आहे. आणि मिश्ना त्याला प्रार्थनेच्या बाहेर ठेवते. उत्स्फूर्त ते सारे खरे आणि चांगले, या आपल्या समजुतीला याहून नेमके उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

विसाव्या शतकात या प्रश्नावर दोन विचारवंतांनी जवळजवळ विरुद्ध टोके गाठली. वॉर्सा येथे १९०७ मध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अब्राहम जोशुआ हेशेल यांनी प्रार्थनेच्या आंतरिक बाजूवर भर दिला. १९६५ साली सेल्मा येथील नागरी हक्कांच्या मोर्चात ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासमवेत चालले, आणि आपले पायच प्रार्थना करीत होते असे त्यांनी नंतर म्हटले, हे प्रसिद्ध आहे. उलट जेरुसलेमचे येशायाहू लायबोविट्झ यांचे मत असे की प्रार्थनेचा माणसाच्या गरजांशी, भावनांशी काही संबंध नाही. ती केवळ कर्तव्य म्हणून केलेली सेवा आहे. लग्नाच्या दिवशीचा वर आणि पत्नीला पुरून आलेला पती दोघांनी तेच शब्द म्हणावयाचे आहेत. लायबोविट्झ यांचे म्हणणे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस ते क्रूर वाटले. आता तितके वाटत नाही. दुःखात माणसाला शब्द सुचत नाहीत, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. अशा वेळी ‘मनातले बोल’ असा आग्रह धरणे हाच जुलूम होतो. ठरलेला शब्द त्याला निदान उभे राहायला जागा देतो.

‘कद्दिश’ ही प्रार्थना याचे उदाहरण आहे. आईवडिलांच्या मृत्यूनंतर अकरा महिने ती म्हटली जाते. भाषा हिब्रूही नव्हे, मुख्यतः अरामी. तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही, मृताचे नाव नाही. आहे तो ईश्वरनामाचा गौरव. ज्या वेळी तक्रार करण्याचा हक्क सर्वाधिक, त्या वेळी स्तुती. आणि ही एकट्याने म्हणता येत नाही. दहा प्रौढांचा ‘मिन्यान’ जमला पाहिजे, कारण मधे ‘आमेन’ म्हणायला कोणी तरी हवे. शोक करणाऱ्याने घरात कोंडून घेऊ नये यासाठी याहून खबरदार योजना कोणती? ॲलन गिन्सबर्ग यांच्या आईचे, नाओमी यांचे, १९५६ साली निधन झाले, तेव्हा दफनाच्या वेळी मिन्यान पुरा न झाल्याने कद्दिश म्हटले गेले नाही. ती उणीव भरून काढणारी त्यांची दीर्घ कविता १९६१ साली त्याच नावाच्या संग्रहात आली. गिन्सबर्ग पुढे १९६२-६३ मध्ये भारतात होते आणि मुंबईच्या कवींना भेटले, हे मराठी वाचक जाणतो. बंडखोर म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या कवीच्या सर्वांत मोठ्या कवितांपैकी एकीच्या मुळाशी न म्हटली गेलेली एक ठरीव प्रार्थना आहे, हे मात्र आपण वर्गात सांगत नाही.

एवढे कौतुक केल्यावर एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सनातनी परंपरेत मिन्यानचे दहा म्हणजे दहा पुरुष. आपल्याला स्त्री केले नाही याबद्दल आभार मानणारे एक आशीर्वचनही पुरुषांच्या सकाळच्या पाठात आहे. सुधारणावादी पंथांनी ते काढले वा बदलले. अमेरिकेतील मध्यममार्गी पंथाने १९७३ साली स्त्रियांना मिन्यानात मोजण्यास मान्यता दिली. पण जेथे जुनाच नियम चालतो, तेथे विसंगती उघड आहे. प्रार्थनेचे नियम हन्नेपासून शिकायचे, आणि दहा मोजताना हन्नेला मात्र मोजायचे नाही! ठरलेल्या शब्दांचा धोका येथे आहे: शब्द जसा शहाणपण साठवतो, तसाच अन्यायही साठवतो. म्हणून परंपरेचा बचाव करणाऱ्याने तिचे वाचन थांबवता कामा नये.

भाषेचा प्रश्नही असाच. शेमा आणि तेफिल्ला कोणत्याही भाषेत म्हणता येतात, अशी मुभा मिश्नेतच आहे. तरीही १८४५ साली फ्रँकफर्टच्या रब्बींच्या परिषदेत हिब्रूची अनिवार्यता नाकारणारा कौल झाला, तेव्हा झकरियास फ्रँकेल परिषद सोडून गेले. एका बाजूला न कळणारे शब्द, दुसऱ्या बाजूला कळणारे पण परके होणारे शब्द. हा पेच आपल्या दाराशीही सुटला आहे, आणि तो मराठीत सुटला आहे.

कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले. पोथ्या बुडाल्या, हिब्रू विसरली गेली. तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते ‘शनिवार तेली’ झाले. सुंता, शब्बाथ, खाण्याचे नियम यांबरोबर एकच पाठ शिल्लक राहिला, तो शेमाचा. सणासमारंभाला, जन्माला, मृत्यूला तोच म्हणायचा. त्याचा शब्दशः अर्थ कळो वा न कळो. पुढे मुंबईत १७९६ साली त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले, त्याला लोक ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. पुण्यातील बगदादी यहुद्यांचे मंदिर लोकांच्या तोंडी ‘लाल देऊळ’ झाले. १८३२ साली जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्रीचा ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह निघाला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी आयुष्यभर प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच समाजात अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या आख्यानांची मराठी कीर्तने उभी राहिली. पोहे, नारळ, साखर आणि फळे घालून केलेला मलिदा समोर ठेवून एलियाहू हनाबीचे स्मरण करताना हिब्रू गीत आणि मराठी घर एकमेकांना अडचण वाटले नाहीत. मुळाक्षर हिब्रू, उलगडा मराठी: भाषांतराच्या अभ्यासकाने या समाजाकडे जितके पाहावयास हवे होते, तितके आपण पाहिलेले नाही.

आमच्या युक्तिवादाचा खरा आधार हाच आहे. प्रार्थना जर केवळ अंतरीची ऊर्मी असती, तर कोकणच्या किनाऱ्यावर त्या समाजापाशी काय उरले असते? ऊर्मी मुलाला देता येत नाही. पाठ देता येतो. आईने पाठ दिला, मुलाने घेतला, अर्थ कधी आधी आला, कधी शतकांनी. आज त्या समाजातील बहुसंख्य लोक १९४८ नंतर इस्राएलात गेले आहेत, आणि कोकणातील जुन्या प्रार्थनामंदिरांत दहा माणसे जमणे ही सोपी गोष्ट राहिलेली नाही. शब्द आहेत, ‘आमेन’ म्हणणारे कमी पडतात. ठरलेल्या शब्दांना काय लागते हे त्या रिकाम्या बाकांवरून कळते: त्यांना प्रतिभावंत लागत नाही, त्यांना सोबत लागते.

साहित्याचे विद्यार्थी म्हणून आपण यातून काय घ्यावे? आमचे उत्तर साधे आहे. पुन्हा पुन्हा म्हटलेला मजकूर आपण मृत समजतो, कारण आपण वाचन म्हणजे एकदाच घडणारी भेट समजतो. ज्याने एखादी कविता वीस वर्षे शिकवली आहे, त्याला ठाऊक आहे की शब्द तेच राहतात आणि वाचणारा बदलतो; बुद्धी मागणारे वाक्य विशीत वेगळे असते आणि साठीत वेगळे. एका हसीदी लोककथेत एक अडाणी मुलगा प्रार्थनामंदिरात येतो. त्याला प्रार्थना येत नाहीत. येते ती फक्त मुळाक्षरे. तो ती मोठ्याने म्हणतो आणि देवाला सांगतो, शब्द तूच जुळवून घे. ही कथा बहुधा उत्स्फूर्ततेच्या बाजूने सांगितली जाते. आम्हांस ती तशी वाटत नाही. मुलाजवळ स्वतःचे असे काहीच नव्हते. जे होते ते कोणी तरी त्याला पाठ करून दिले होते. पाठ करून देणाराही त्या प्रार्थनेत आहे.